काळकोंडची राखण

मानवाने समुद्रावर निर्णायक विजय मिळवला तो दोन हजार एकेचाळीस सालच्या नोव्हेंबरात, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या काळकोंड या गावी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. विजयाच्या समारंभासाठी घातलेला मांडव त्याच दुपारी भरतीने नेला. पण मांडव कुठे घालायचा हे डेकोरेटरने ठरवलं होतं, लाटा आधी ओळखणाऱ्या नव्या यंत्राला कुणी विचारलंच नव्हतं, असा खुलासा पर्यटन समितीने संध्याकाळपर्यंत केला. तो खराही होता.

काळकोंडला वाळू म्हणजे जेमतेम एक मांडव मावेल एवढीच. बाकी सगळा काळा कडा आणि त्याच्यावर आपटणारं पाणी. दोरावरून उतरणं, तारेवरून घसरत दरी ओलांडणं, वीस फुटांवरून पाण्यात उडी मारणं, हे सगळं इथे आहे. पण ते आता कुठेही असतं. काळकोंडचं खरं वैभव म्हणजे पट्टा. कड्याच्या पायथ्याशी, पाण्यापासून कंबरभर उंचावर, कातळाचा एक पट्टा जातो. दोन पावलं रुंद, नव्वद पावलं लांब. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. पट्टा संपतो तिथे गुहा आहे. प्रत्येक लाटेसरशी गुहेतली हवा कोंडते आणि मग ती गुहा असा काही श्वास सोडते की माणसाच्या छातीत बरगड्या आहेत हे त्याला पहिल्यांदा कळतं. गुहेतून परतलेली माणसं पंधरा-वीस मिनिटं मोबाइलला हात लावत नाहीत. साहसी पर्यटनाच्या बाजूने याहून मोठा पुरावा अजून कुणी दिलेला नाही.

पर्यटक यायच्या कितीतरी आधीपासून पट्ट्यावर गावच्या बायका ओहोटीला कालवं काढायला जातात. सहाजणी जातात, पाचजणी काढतात. सहावी काहीच करत नाही. ती वरच्या दगडावर बसते, मैत्रिणींकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून. तिला राखण म्हणतात. कालवांचे शेवटी सहा सारखे वाटे होतात आणि जिने हात ओला केला नाही तिलाही पूर्ण वाटा मिळतो. यावरून काळकोंडात कधी भांडण झालेलं नाही. बाकी सगळ्यावरून झालेलं आहे.

राखणीचं काम ऐकायला सोपं आहे. किलोमीटरभर आत समुद्रात एक खडक आहे. पक्ष्यांनी पिढ्यानपिढ्या बसून तो पांढरा केला, म्हणून त्याचं नाव बगळा. लाट बगळ्याच्या मानेपर्यंत आली तर ठीक. डोक्यावरून गेली, तर राखण एकच शब्द उच्चारते: "वर." मग हातातलं टाकून कड्यावरून सोडलेल्या साखळीला धरायचं आणि चढायचं. का, म्हणून विचारायचं नाही. ती लाट पट्ट्यावर येईपर्यंत सत्तर अंक मोजून होतात.

वासंती मेथर, वय त्रेपन्न, गेली एकवीस वर्षं राखण. त्यातली शेवटची बारा तिने पर्यटकांचीही राखण केली. या बारा वर्षांत नऊ हजारांवर माणसं पट्टा चालून आली. त्यांतली सगळ्यात गंभीर दुखापत म्हणजे एका गृहस्थांचा पाय मुरगळला. गाडीतून उतरताना.

अशा ठिकाणी यंत्र आणायची गरज काय, असं आपल्याला वाटेल. विमा कंपनीला तसं वाटलं नाही. त्यांच्या अर्जात 'सुरक्षा प्रणाली' असा रकाना होता आणि समितीने त्यात 'वासंती' असं लिहिलं होतं.

यंत्र घेऊन आली मृण्मयी देवस्थळी, पुण्याची, सव्वीस वर्षांची अभियंता. तिने ग्रामसभेत जे समजावलं ते इतकं स्वच्छ होतं की शेवटच्या रांगेतल्यांनीही बोलणं थांबवलं. लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे, ती म्हणाली. वारा आला की भाताचं शेत डोलतं, पण भात उठून पलीकडच्या गावी जात नाही. पाणीही जागच्या जागीच वरखाली होतं. प्रवास करते ती ऊर्जा. शेकडो लाटा एकमेकींच्या अंगावरून जात असतात, लांब लाटा वेगात, आखूड हळू. कड्यावरच्या मनोऱ्यातलं रडार तीन किलोमीटरपर्यंतच्या समुद्राचा आकार पाहतं: कुठे माथा, कुठे खळगा, कोण किती वेगात. फक्त लाट किती उंच आहे हे रडारला नीट कळत नाही. गच्चीवरून गर्दी मोजता येते, पण त्यातल्या माणसांची उंची सांगता येत नाही, तसं. म्हणून समुद्रात पाच पिवळे गोळे तरंगत ठेवायचे. ते लाटेबरोबर वरखाली होतात आणि उंची कळवतात. दोन्ही जोडलं की कुठली लाट पट्ट्यावर किती चढणार, हे साडेतीन मिनिटं आधी समजतं.

"आणि एखादो गोळो बिघाडलो तर?" कुणीतरी विचारलं.

त्याचीही सोय होती. यंत्र पाचही गोळ्यांचं मत घेई आणि एखादा वेगळं बोलायला लागला की त्याला बाजूला काढी. बहुमत चुकणार नाही, हे गृहीत धरलेलं होतं. गृहीत धरणारे सगळे शहरात राहत होते आणि मतदानाला जात नसत.

"म्हणजे ह्यो राखणीक बसतलो," वासंती शांतपणे म्हणाली. "मग त्येचो वाटो?"

मृण्मयीला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोऱ्याच्या पायरीशी पानाखाली झाकलेली वाटीभर कालवं होती. पहिले तीन दिवस ती कावळ्यांनी खाल्ली. चौथ्या दिवशी मृण्मयीने वासंतीला कालवांचं तिखलं कसं करतात ते विचारलं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्याला सात शब्दांचं नाव दिलं होतं. गावाने 'साहेब' केलं, कारण तो उंचावर बसून, खाली न येता, पुढे काय होणार ते सांगत असे. आणि खरं सांगायचं तर साहेब थोर होता. कानात नाजूक आवाजात म्हणायचा, "मार्ग सुरक्षित आहे. तीन मिनिटे दहा सेकंद." आणि तीन मिनिटं दहा सेकंदांनी पट्ट्याची कड ओली व्हायची. वासंतीनेही पहिल्या आठवड्यात तोंडात पदर धरला होता. "माका सत्तर मोजूक गावतत, ह्येका दोनशे," ती मृण्मयीला म्हणाली, आणि त्यात असूया नव्हती. एका सुताराने दुसऱ्याचा रंधा हातात घेऊन पाहावा तसं होतं ते.

पण यंत्र आलं की सोयी वाढतात. आधी पट्ट्यावर सहाजणांची तुकडी जायची, पुढे-मागे वाटाड्या. आता 'एकल चाल' सुरू झाली. माणूस, कातळ, समुद्र आणि कानात साहेब. महानगरांतून लोक लोटले. सगळ्यांना एकटं घाबरायचं होतं. घरी त्यांना ती सवड मिळत नसावी.

मग समितीचे अध्यक्ष शिरीष तोरसकर एक दिवस वासंतीच्या दगडापाशी आले आणि उभेच राहिले.

"वासंती, दोनदा तू 'वर' म्हटलंस. दोन्ही वेळा साहेब सुरक्षित म्हणत होता. पाणी काय आलं नाही."

"पहिल्या वेळेला कड भिजली."

"कड भिजण्याला पाणी येणं म्हणत नाहीत. पर्यटक साखळीला लोंबकळले, एकाचा चष्मा गेला. समितीने ठरवलंय, तिसरी खोटी हाक झाली की दगड बंद. माझा इलाज नाही."

"दगड कसा बंद करणार?"

"तुझं बसणं बंद," तोरसकर म्हणाले आणि निघून गेले.

वासंतीला दगडाचं काय एवढं, असं विचारणाऱ्याने तिला तिथे बसलेली पाहिलेलं नाही. घरात ती रांधते, वाढते, नवऱ्याची जाळी शिवते. तिथे तिचं कुणी काही ऐकत नाही. दगडावरून तिने एक शब्द उच्चारला की पट्ट्यावर असतील तेवढी माणसं वर चढतात.

त्याच आठवड्यात दुपारी दिगंबरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, परातीत पिशवी रिकामी केली. सात शेवंडी. शहरात ज्यांना लॉबस्टर म्हणतात आणि लिंबाबरोबर आदराने आणतात, त्या.

"एवढ्यो खंय गावल्यो?"

"दर्यात."

"ता माका ठावक आसा. दर्यात खंय?"

"त्या पिवळ्या गोळ्याकडे. गोळो जाग्यावरसून हलणा नाय. मग आपलो वेगळो तरंगतो बोयो कित्याक होयो? जाळा खाली, दगड लावन, दोरी घट गोळ्याक."

"विचारल्यात कोणाक?"

"गोळ्याक?"

"त्या पोरीक."

"तिचो वाटो काढून ठेवलंय मां. ही बघ, मोठी ती तिची."

"सोडा ती दोरी. उद्याच्या उद्या."

"सोडतंय गो," दिगंबर म्हणाला, आणि परवाही तेच म्हणाला.

काळकोंडात एकाच्या परातीत सात शेवंडी आल्या की शेजाऱ्याला जेवण जात नाही. आठवडाभरात दिगंबरच्या चुलतभावाने तिसरा गोळा धरला आणि तोरसकरांच्या मेव्हण्याने चौथा. दुसरा आणि पाचवा मोकळे राहिले, कारण त्यांच्या खाली वाळू होती आणि शेवंड खडकात राहते. खालून दगडांनी ओढून धरलेला गोळा लाटेबरोबर पूर्ण वर येत नाही. तो लाटेत बुडतो आणि उंची निम्मी कळवतो. आता तीन गोळे निम्मी उंची सांगत होते आणि दोन गोळे खरी. साहेबाने मतं मोजली आणि दुसरा व पाचवा बिघडले असल्याचं जाहीर केलं. मृण्मयीने ते दोन्ही काढून आणले. तपासणीत त्यांच्यात काहीच दोष सापडला नाही, तेव्हा दोष खोल असणार म्हणून त्यांना पुण्याला पाठवण्यात आलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी एकल चालीला विदुला ठेंगडी आल्या. नागपूरच्या, वय बासष्ट, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बरोबरच्या दोन मैत्रिणी तारेवरून एकदा घसरून आता छत्रीखाली शहाळं पीत होत्या.

"मुलं म्हणतात, आई, काशीला जाऊन ये," हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्या वासंतीला म्हणाल्या. "मी म्हटलं, तिथं सारे म्हातारेच राहतात बाप्पा. मला घाबरायचं आहे. तेहतीस वर्षं मीच दुसऱ्यांना घाबरवून राहिली होती."

"वर म्हटलं की चढायचं," वासंती म्हणाली. "दहा-दहा पावलांवर साखळी आहे. का म्हणून विचारायचं नाही."

"आणि हा कानात काय म्हणून राहिला?"

"तो त्याचं म्हणतो."

विदुलाबाई पट्ट्यावर उतरल्या. आभाळ कोरं, वारा नाही. समुद्रावर फक्त एक लांब, आळसावलेली हालचाल. अशी हालचाल आठवड्यापूर्वी दक्षिणेकडच्या वादळात जन्मते, हजारो किलोमीटर कुणालाही न दिसता येते आणि किनारा लागला की उभी राहते. मृण्मयी वासंतीच्या शेजारी साहेबाचे आकडे दाखवणारा पडदा मांडीवर घेऊन बसली होती. रोज ती तिथेच बसे. केबिनमध्ये पंखा होता, पण दगडावर वासंती होती.

"गोळे तीनच दिसतात गं," वासंती म्हणाली.

"दोन बिघडलेत, ताई. दुसरा आणि पाचवा. फार चढवून सांगत होते. बाकी तिघांचं एकमत आहे."

पहिला, तिसरा, चौथा. वासंतीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पूर्वी ते गोळे बदकासारखे लाटेवर बसत. आता लाट येई तेव्हा गोळा दिसेनासा होई आणि लाट गेल्यावर डोकं काढी. एकमत झालेल्यांची नावं तिला पाठ होती. पहिला काल रात्री तिच्या हातचं जेवला होता. बोलावं तर दिगंबर समितीपुढे उभा राहणार, त्याचं होडीचं लायसन जाणार. आज संध्याकाळी हाताला धरून नेते आणि सोडायला लावते, एवढं तिने मनात ठरवलं. विदुलाबाई तीस पावलांवर होत्या. मग चाळीस. भिंतीला हात न लावता चालत होत्या, वर्गात फेरी मारावी तशा.

पंचावन्नाव्या पावलाला बगळा गेला.

आवाज आला नाही. पांढरा खडक होता तिथे पाण्याची पांढरी भिंत उभी राहिली आणि मग तिथे खडक नव्हता. पडद्यावर हिरवा दिवा होता: उंची एक मीटर दहा, मार्ग सुरक्षित.

वासंती उभी राहिली. ही तिसरी हाक होती. बगळा आजवर तिला खोटं बोलला नव्हता, पण मागच्या दोन्ही वेळा लाट वाटेत वाकली होती हेही खरं होतं. आजही वाकली तर दगड बंद. नाही वाकली, आणि ती गप्प राहिली, तर त्या बाई.

"वर."

ती ओरडत नाही. कड्याला लागून आवाज आपोआप जातो. मृण्मयीने मान वळवली. "ताई, एक मीटरच आहे. तीनही गोळे..."

"सात, आठ, नऊ," वासंती मोजत होती.

पट्ट्यावर विदुलाबाई थांबल्या. त्यांच्या कानात साहेब सांगत होता की दोन मिनिटे पन्नास सेकंद काहीही होणार नाही. त्यांनी समुद्राकडे पाहिलं; समुद्र देवळाच्या तळ्यासारखा होता. मग दगडावर उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. मग साखळी धरली आणि चढल्या. सावकाश, साडीची सवय असलेल्या बाईने सलवारीत चढावं तशा, एक गुडघा कातळाला टेकवत. पहिली खोबण, दुसरी, तिसरी.

"एकोणसत्तर, सत्तर," वासंती म्हणाली, "एकाहत्तर."

समुद्र पट्ट्यावर आला नाही; पट्टा समुद्रात गेला. नव्वदच्या नव्वद पावलं एकदम नाहीशी झाली आणि गुहेने असा हुंकार दिला की छत्रीखालच्या दोघींच्या हातातली शहाळी सांडली. पाणी विदुलाबाईंच्या चपलांना लागलं, तिथे क्षणभर राहिलं आणि उतरलं. ते ओसरल्यावर पट्टा धुवून काढलेल्या पाट्यासारखा स्वच्छ होता. कालवंसुद्धा गेली होती.

वर आणल्यावर विदुलाबाईंनी आधी चहा मागितला, मग बोलल्या. "तो कानातला फारच गोड बोलत होता हो. शाळेत मी गोड बोलणारीची वही आधी तपासायची." मग थोड्या वेळाने, पेला खाली ठेवत, "मी किती घाबरली होती, काय सांगू तुम्हाला," असं त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या की मैत्रिणींना हेवा वाटला.

तोरसकर धावत आले. "साहेब चुकलाच कसा? मृण्मयी मॅडम?"

मृण्मयी पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा कालवाच्या आतल्या बाजूसारखा पांढरट झाला होता. आपलं काय चुकलं हे ती शोधत होती. आणि ते तिला सापडणार नव्हतं, कारण ते तिच्या गणितात नव्हतं.

"हिचं काही चुकलं नाही," वासंती म्हणाली. "गोळ्यांना जाळी बांधलीत. गोळे वर येत नाहीत. पहिल्याला आमचं आहे. ह्यांनी बांधलं."

"दिगंबरने? आणि बाकीच्यांना?"

"तिसऱ्याला ह्यांच्या चुलतभावाचं. चौथ्याला तुमच्या मेव्हण्याचं."

चौकशी करताना कुणाही एकाला लक्ष्य करणं योग्य होणार नाही, असं तोरसकरांचं मत पडलं.

जाळी त्याच दिवशी सुटली. लायसन राहिलं. दिगंबर वासंतीशी नऊ दिवस बोलला नाही. दहाव्या दिवशी त्याने आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, म्हणजे सगळं सुरळीत झालं. मात्र बाकीच्या दोन घरांतल्या बायका अजून पाणवठ्यावर वासंतीला जागा देत नाहीत, आणि ती मागतही नाही.

मृण्मयीने पुण्याहून दोन्ही गोळे परत मागवले. मग महिनाभर खपून तिने साहेबाला एक नवी गोष्ट शिकवली. पाच गोळ्यांच्या मतांनंतर आता सहावं मत घेतलं जातं: दगडावर एक माइक आहे, आणि त्यात 'वर' हा शब्द वासंतीच्या आवाजात ऐकू आला की साहेब मतं मोजत नाही. लाल दिवा लावतो आणि पर्यटकाच्या कानात तोही "वर" म्हणतो. का, हे सांगत नाही. पुण्यात यावर तीन बैठका झाल्या. एका शब्दाला एवढं वजन कुठल्या सूत्राने देता, असं तिला विचारलं गेलं. तिने बगळ्याच्या आसपासच्या जुन्या नोंदी काढल्या, रडारच्या आणि गोळ्यांच्या, आणि वासंतीच्या हाका त्यांच्याशेजारी मांडल्या. त्यात ज्या दोन हाका खोट्या धरल्या होत्या, त्या दिवशी लाट खरंच उठली होती आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये वाकली होती. बैठक त्यानंतर लवकर संपली. आता तीन देशांतले कडे काळकोंडची पद्धत मागवत आहेत. प्रत्येकाला आधी स्वतःची एक बाई शोधावी लागेल, असं मृण्मयी त्यांना कळवते.

एवढं झाल्यावर राखणीचं पद अधिकृत असणं भाग होतं. तालुक्याहून एक अधिकारी अर्ज घेऊन आले. पदाचं नाव 'मानवी सागर निरीक्षक' होतं. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी वासंतीसाठी खुर्ची ओढली आणि स्वतःच अर्ज भरायला घेतला. नाव, वय, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात एकवीस लिहिताना त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे एकदा पाहिलं.

"पोहण्याचा दाखला?"

"नाही."

"हरकत नाही. तलावात दोनशे मीटर पोहून दाखवलं तरी चालतं. मी तारीख देतो."

"मला पोहता येत नाही," वासंती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "एकवीस वर्षं तुम्ही त्या दगडावर बसता, आणि पोहायला शिकला नाहीत?"

"कधी पडले नाही."

हे लिहायला अर्जात रकाना नव्हता. पद अद्याप रिक्त आहे.